कवडशातला कण कोणाचा?

विषारी पदार्थाचे प्रमाण वजनात सांगण्याची जी रीत आरोग्य आणि पर्यावरण यांच्या नियमांत रुळली आहे, ती नॅनोकणांच्या बाबतीत अपुरी पडते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण मुद्दाम घडवून सनस्क्रीनमध्ये, भिंतीच्या रंगांत, जंतुरोधक कापडात घातले जातात आणि धुण्याच्या व पावसाच्या पाण्याबरोबर ते गटारांत, नद्यांत पोहोचतात. एक मायक्रोमीटर व्यासाच्या एका कणाइतक्या वजनात १० नॅनोमीटर व्यासाचे १० लाख कण मावतात आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ त्या एका कणाच्या १०० पट भरते. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर होत असल्यामुळे वजन तेच राहूनही परिणाम बदलतो. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने २०११ मध्ये कामगारांसाठी टायटॅनियम डायऑक्साइडच्या मर्यादा सुचवल्या, तेव्हा नेहमीच्या बारीक भुकटीला हवेच्या घनमीटरमागे २.४ मिलिग्रॅम आणि नॅनोआकाराच्या भुकटीला ०.३ मिलिग्रॅम असा आठपट फरक केला, तो याच कारणाने.

मर्यादा पाळायची तर कण आधी दिसला पाहिजे, आणि अडचण तिथेच सुरू होते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते, आणि तिच्या निम्म्याहून जवळ असलेले दोन बिंदू साध्या सूक्ष्मदर्शीत वेगळे दिसत नाहीत, हे अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवले. मात्र कणाचा आकार न दिसताही त्याचे अस्तित्व दिसू शकते. अंधाऱ्या खोलीत कौलाच्या फटीतून कवडसा पडला की एरवी न दिसणारी धूळ त्यात लखलखते. भारतीय मापनपरंपरेत अशा कणाला त्रसरेणू म्हणत आणि मापांची मोजणी तिथून सुरू करीत. जर्मनीतील येना येथे रिचर्ड झिगमोंडी आणि हेन्री झीडेनटॉप्फ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हीच युक्ती उपकरणात आणली. माणकासारख्या लाल काचेवर बाजूने प्रखर झोत टाकून काटकोनातून सूक्ष्मदर्शीने पाहिले असता, काचेला रंग देणारे सोन्याचे कण काळ्या पार्श्वभूमीवर ठिणग्यांसारखे चमकताना दिसले. झिगमोंडी यांना पुढे १९२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या उपकरणांत दिव्याच्या जागी लेसर आणि डोळ्याच्या जागी कॅमेरा आहे. पाण्यातील प्रत्येक ठिपका रेणूंच्या धक्क्यांनी किती थरथरतो हे टिपून त्यावरून आकार काढतात, कारण कण जितका लहान तितकी थरथर अधिक.

प्रयोगशाळेतील स्वच्छ पाण्यात हे उत्तम चालते, पण नदीच्या पाण्यात चालेलच असे नाही. प्रकाशाचे विकिरण, म्हणजे कणावर आदळून त्याचे सर्व दिशांना विखुरणे, इतक्या लहान कणांच्या बाबतीत व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते. त्यामुळे १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या कणापेक्षा १० लाख पट प्रकाश फेकतो आणि चिमूटभर गाळ असंख्य लहान कणांना झाकून टाकतो. त्यातून कण दिसलाच, तरी तो कारखान्यातला की डोंगरातला, हा प्रश्न उरतोच. दख्खनच्या बसाल्टमध्ये टायटॅनियम मुळातच भरपूर आहे आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत टायटॅनियमयुक्त इल्मेनाइट सापडते, तेव्हा कोकणातल्या खाडीच्या पाण्यात टायटॅनियम आढळले एवढ्यावरून सनस्क्रीनला किंवा रंगाला दोष देता येणार नाही. व्हिएन्नामधील जुन्या डॅन्यूबच्या स्नानतलावात सनस्क्रीनचा माग काढणाऱ्या संशोधकांनाही टायटॅनियमचे इतर मूलद्रव्यांशी असलेले प्रमाण तपासावे लागले होते.

चांदीचे कण या बाबतीत अधिक बोलके असतात. सुमारे ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला त्यांच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉन एकसाथ डोलून प्रतिसाद देतात आणि तो प्रकाश शोषला गेल्याने त्यांचे पातळ द्रावण पिवळे दिसते. हा पिवळेपणा त्यांच्या सहीसारखाच म्हणावा लागेल. पण सांडपाण्यात गंधकाशी संयोग होऊन चांदीचे सिल्व्हर सल्फाइड झाले की ती सही पुसली जाते.

हवेतील मोजणी त्या मानाने पुढे गेली आहे. कण मोजण्याच्या संघनन यंत्रात हवा ब्युटेनॉलच्या वाफेतून नेऊन थंड करतात, तेव्हा गवतावर दव धरावे तशी ती वाफ प्रत्येक कणाभोवती धरते आणि काही नॅनोमीटरचा कण लेसरला सहज दिसेल एवढ्या थेंबाच्या पोटात जातो. मग थेंब मोजले की कण मोजले गेले. याच मोजणीच्या बळावर १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांत डिझेल मोटारींच्या धुरासाठी वजनाबरोबर संख्येचीही मर्यादा आली, किलोमीटरमागे ६० हजार कोटी कणांची. धुराड्यातील कण घडवलेले नसतात हे खरे, पण भारतीय नियमाला कणांची संख्या पेलते, एवढे त्याने सिद्ध केले आहे.

युरोपीय संघात २०१३ पासून सौंदर्यप्रसाधनांच्या घटकयादीत नॅनोरूपातील घटकापुढे तसा शब्द छापावा लागतो. ग्राहकाला तेवढे पुरेल, परंतु तपासनिसाला नुसत्या शब्दाचा उपयोग नाही. त्याला कणाचा आकार, त्यावरील लेप आणि त्याचा प्रकाशीय आलेख हवा, म्हणजे नमुना समोर ठेवून तुलना करता येईल. म्हणून या सदराची मागणी अशी की नॅनोकण बनवणाऱ्या किंवा वापरणाऱ्या उद्योगांनी त्या कणांचा नमुना आणि ही माहिती सरकारी प्रयोगशाळेकडे जमा करावी आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने संमतिपत्रातच तशी अट घालावी. तपासणीही नदीत पोहोचेपर्यंत लांबवू नये, ती कारखान्याच्या सांडपाण्याच्या तोंडाशी व्हावी, जिथे पाण्यात गाळ मिसळलेला नसतो आणि चांदीचा पिवळेपणा अजून वाचता येतो.