निदानाची मजुरी

डॉक्टरने नाडी पाहिली, दोन प्रश्न विचारले आणि "काही विशेष नाही, आराम करा" असे सांगितले, तरी त्याची फी आपण मुकाट्याने देतो. वकिलाने कागद वाचून "या दाव्यात दम नाही" म्हटले, तरी देतो. मात्र मोटारीच्या मिस्त्रीने दिवसभर डोके खपवून बिघाड शोधला आणि आपल्या हातात नवा सुटा भाग ठेवला नाही, तर "पण तुम्ही केलं काय?" हा आपला पहिला प्रश्न असतो. या एका प्रश्नाने आपल्याकडील दुरुस्तीची विद्या नासवली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कला शाखेच्या अंकात इंजिन कशाला, असे कुणी म्हणेल. त्यांनी थोडा धीर धरावा.

माझ्या मामांची जुनी पेट्रोल गाडी आहे. लग्नसराईत ती भाड्याने जाते आणि तिच्यावर घरचे बरेच काही चालते. तिला गेल्या उन्हाळ्यात एक विचित्र दुखणे जडले. सकाळी ती उत्तम सुरू होई. आसेगावहून निघून वीस-पंचवीस किलोमीटर गेली की चालत्या गाडीची किल्ली फिरवावी तसे इंजिन एकदम बंद पडे. वऱ्हाडी मंडळी रस्त्यावर उतरत, अर्धा तास जाई, आणि गाडी पुन्हा अशी सुरू होई, जणू काही घडलेच नाही. गॅरेजमध्ये नेली की ती शहाण्या मुलासारखी वागे. कायमचा बिघाड जागेवर सापडतो. येऊन-जाऊन असणारा बिघाड गाठायचा तर त्याच्या वेळेला आपण हजर असावे लागते.

एका गॅरेजने अंदाजाने पेट्रोलचा पंप बदलला. दुसऱ्याने तपासणीचे यंत्र लावले. यंत्राने पी-०३३५ हा कोड दाखवला. "सेन्सर गेला," निकाल लागला. नवा सेन्सर बसला, तीन आठवडे गाडी ठीक चालली आणि पुन्हा तेच. "नवाही खराब निघाला, दुसरा टाकू," असा सल्ला मिळाला. तोवर साडेनऊ हजार रुपये गेले होते.

हा सेन्सर काय करतो ते सांगितले पाहिजे. इंजिनच्या मुख्य दांड्यावर, म्हणजे क्रँकशाफ्टवर, एक दातेरी चाक असते. त्याच्याजवळ लोहचुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसवलेले असते. दाता समोरून गेला की त्या वेटोळ्यात विजेचा बारीकसा ठोका उमटतो. चाकाचे एक-दोन दाते मुद्दाम वगळलेले असतात. त्या रिकाम्या जागेवरून पिस्टन कुठवर आला हे गाडीच्या संगणकाला कळते. ठोके थांबले की पेट्रोल केव्हा सोडावे, ठिणगी केव्हा द्यावी, हे त्याला समजत नाही आणि तो दोन्ही थांबवतो. काही गाड्यांत 'हॉल' पद्धतीचा सेन्सर असतो. मामांच्या गाडीत वेटोळ्याचा होता.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या कोडचा इंग्रजी मथळा देवनागरीत लिहिला तर असा आहे : 'क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर ए सर्किट'. शेवटचा शब्द पाहा. सर्किट! यंत्र सांगते की या मंडलात काही गडबड आहे. मंडलात सेन्सर आला, त्याचा प्लग आला, वायर आली, अर्थिंग आले. पण यंत्राच्या पडद्यावरून गिऱ्हाइकाच्या कानापर्यंत येईतो तो शब्द गळून पडतो आणि उरतो फक्त 'सेन्सर'. आम्हा भाषेच्या विद्यार्थ्यांना एका शब्दाने अर्थ कसा फिरतो हे शिकवतात. इथे तो काही हजार रुपयांनी फिरला. शिवाय कोड नोंदवताना गाडी त्या क्षणीचा वेग, तापमान वगैरे टिपून ठेवते. गॅरेजने कोड पुसला तेव्हा ती नोंदही पुसली गेली. इतिहासाच्या संशोधकाने दप्तर वाचण्याआधीच जाळावे, त्यातला हा प्रकार.

आसेगावच्या मिस्त्रीकाकांनी हत्यार उचलण्याआधी मामांना विचारले, "बंद पडते तवा आरपीएमचा काटा हळूहळू खाली येते का झटक्यात?" झटक्यात. मामांनी आणखी एक माहिती दिली : एका ड्रायव्हरच्या सांगण्यावरून सेन्सरवर ओले फडके ठेवले की गाडी लवकर सुरू होते. म्हणजे सेन्सरच दोषी ना? काका म्हणाले, "फडकं सेन्सरवर ठेवलं, पण थंड काय काय झालं?"

जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात व्यतिरेक पद्धती सांगितली. तिची अट अशी की दोन प्रसंगांत एकच गोष्ट वेगळी असावी, बाकी सारे सारखे. फडक्याने ही अट मोडली होती. सेन्सरबरोबर दोन बोटांवरचा प्लग आणि वायरही गार होत होती. काकांनी मिल वाचलेला नाही. त्यांनी सेन्सर काढून केस वाळवायच्या यंत्राने एकटाच तापवला आणि मल्टिमीटर लावला. रोध थोडा वाढला, तापल्यावर तांब्याचा वाढतोच, पण मंडल तुटले नाही. मग वायर तापवून प्लगच्या मागे हलकेच वाकवली. आकडा गेला. वरचे आवरण शाबूत, आतली तार तुटलेली! गार असताना टोके टेकत, गरम झाली की सुटत. सेन्सर बदलताना वायर हलली, टोके पुन्हा नीट टेकली, म्हणून ते तीन आठवडे बरे गेले.

वीतभर वायर, थोडे डाख, वर उष्णता सोसणारी नळी. काकांनी तीनशे रुपये मागितले. साडेनऊ हजार निमूट देणारे माझे मामा म्हणाले, "एवढ्याशा वायरीचे तीनशे?"

मामांवर माझा राग नाही. खोक्यातल्या वस्तूची किंमत दिसते, विचाराची दिसत नाही. पण याचा परिणाम काय होतो? विचार करणारा मिस्त्री उपाशी राहतो आणि भाग बदलणारा पोट भरतो. उद्या काकांनीही खोकीच विकायला घेतली तर त्यांना कोणत्या तोंडाने बोल लावायचा? म्हणून बिलावर 'तपासणी' ही ओळ वेगळी असावी आणि आपण ती कुरकुर न करता भरावी.

यंत्राला मी नावे ठेवत नाही. कुठे पाहावे हे ते चोख सांगते. पण दुरुस्तीची पुस्तके इंग्रजीत, त्यातले मंडलांचे नकाशे इंग्रजीत. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती लोकांना खुली करावी, हा हेतू चांगलाच आहे. पण ती मराठीत आल्याशिवाय आसेगावात खुली झाली असे कसे म्हणावे? हे काम आमच्यासारख्या भाषेच्या विद्यार्थ्यांचेही आहे.

आणि आमच्या तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांना एक विनंती. मिलने दवबिंदूंचे उदाहरण दिले आहे, ते सुंदरच आहे. पण यंदा एक तास मिस्त्रीकाकांना द्यावा. मी त्यांना विचारून ठेवले आहे. ते यायला तयार आहेत. मानधन किती, एवढेच त्यांनी विचारले.