दप्तरातून न उतरणारी नावे

श्रीगोंदे, कर्जत वा जामखेड तालुक्यात कोठे दरोडा पडला की पोलिसांची पहिली धाड पारध्यांच्या पालांवर पडते, ही तक्रार अहिल्यानगर जिल्ह्यात जुनी आहे. धरलेला माणूस पुढे निर्दोष सुटला, तरी ठाण्याच्या दप्तरात चढलेले त्याचे नाव सहजासहजी उतरत नाही. उद्या त्याचा मुलगा शिकून नोकरीसाठी चारित्र्याचा दाखला मागावयास गेला, तर त्यालाही त्याच ठाण्याची पायरी चढावी लागते.

१८७१च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. परंतु १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि नोंदवही पुन्हा उघडली. त्यात जातीचा उल्लेख नाही, शिक्षा झालेल्यांपुरताच तो आहे, हे खरे. पण जुन्या संशयाला नवे नाव मिळाले, ते मिळालेच. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० साली असे कायदे रद्द करावेत अशी शिफारस केली होती.

मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका प्रकरणात पोलिसांच्या या नोंदींत मागास व भटक्या जमातींविषयीचा पूर्वग्रह उतरतो याकडे लक्ष वेधले, निर्दोष आढळलेल्यांची नावे गाळण्याची तजवीज दिल्ली पोलिसांकडून करून घेतली आणि अन्य राज्यांनीही आपल्या धोरणाचा विचार करावा असे सुचविले. सूचना म्हणजे कायदा नव्हे. बालगुन्हेगाराची नोंद मुदतीनंतर नष्ट करण्याची तरतूद २०१५च्या कायद्यात आहे, काही घोर गुन्हे वगळून. प्रौढासाठी तशी सर्वसाधारण तरतूद आपल्याकडे नाही. गंमत अशी, की ज्या इंग्रजांनी आपल्याला १८७१चा कायदा दिला, त्यांनी स्वतःच्या देशात १९७४ सालीच ठरावीक मुदतीनंतर जुनी शिक्षा गतार्थ मानण्याचा कायदा केला!

नोंदी पुसल्या तर तपास लंगडा होईल, असे पोलीस म्हणतील. वारंवार गंभीर गुन्हे शाबीत झालेल्यांची दप्तरे जाळा, असे कोणी म्हणत नाही. प्रश्न आहे तो निर्दोष सुटलेल्यांचा, आणि किरकोळ शिक्षा भोगून वर्षानुवर्षे सरळ वागणाऱ्यांचा. यांची नावे ठरावीक मुदतीत, अर्जाची वाट न पाहता उतरविण्याचे बंधन ठाण्यावरच घातले पाहिजे. कारण ज्याला अर्ज लिहिता येत नाही, त्याचेच नाव तेथे सर्वांत अधिक काळ राहते. १९५९चा कायदा रद्द करणे आणि हे बंधन घालणे या दोन्ही गोष्टी राज्य विधिमंडळाच्या हाती आहेत.