दहापट ऊर्जा, पण कुठे मोजलेली?

दक्षिण फ्रान्समधील कादाराश येथे उभ्या राहणाऱ्या ‘इटर’ या अणुसंमीलन प्रकल्पाची बातमी आली की तिच्यात एक वाक्य हमखास असते: ५० मेगावॅट घालून ५०० मेगावॅट मिळवायचे. वाचणाऱ्याला वाटते, एक युनिट वीज दिली की दहा युनिटे हाती येणार. तसे नाही. इटरच्या बांधणीचा सुमारे ९ टक्के भार भारत उचलतो आहे, बराचसा यंत्रसामग्रीच्या रूपाने. तेव्हा हे ५० मेगावॅट म्हणजे नेमके काय, हे इथल्या करदात्याला कळायला हवे.

ते आहेत प्लाझ्मा तापवण्याचे. (रक्तातल्या प्लाझ्माशी याचे फक्त नावापुरते नाते.) ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या दोन भावंडांची केंद्रके एकत्र आणायची, तर दोन्ही धनभारित असल्याने ती एकमेकांना ढकलतात. सूर्याच्या गाभ्यात प्रचंड दाब असल्याने दीड कोटी अंशांवर भागते. टोकामॅक या चुंबकीय कढईत प्लाझ्मा अतिशय विरळ असतो, त्यामुळे पारा १५ कोटी अंश सेल्सिअसपर्यंत न्यावा लागतो.

सुरुवात सोपी आहे. प्लाझ्मातून वीजप्रवाह सोडला की तो शेगडीच्या कॉइलसारखा तापतो. पण तार तापली की तिचा विद्युतरोध वाढतो, प्लाझ्माचा मात्र कमी होत जातो. दोन-तीन कोटी अंशांच्या आसपास ही शेगडी थकते. पुढची उष्णता बाहेरून घालावी लागते. त्यासाठी वेगवान अणूंचे झोत मारतात. भारित कणांना चुंबकीय क्षेत्र आत येऊ देत नाही, म्हणून आयनांना वेग देऊन वाटेतच त्यांचा भार काढून घेतात.

रेडिओलहरींचा उपाय डॉक्टरांना ओळखीचा वाटेल. चुंबकीय क्षेत्रात आयन ठरावीक गतीने गिरक्या घेतात. त्याच तालाच्या लहरी सोडल्या, तर झोक्याला नेमक्या क्षणी धक्का द्यावा तशी ऊर्जा आयनांत उतरते. इटरमध्ये या लहरी ४० ते ५५ मेगाहर्ट्झच्या आहेत. दीड टेस्लाचे एमआरआय यंत्र साधारण ६४ मेगाहर्ट्झवर चालते. दोन्हीकडचे भौतिकशास्त्र एकच नव्हे, पण सूर जुळवण्याची युक्ती तीच. इलेक्ट्रॉन फार हलके, त्यांच्यासाठी १७० गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरी लागतात, म्हणजे घरच्या मायक्रोवेव्हच्या सुमारे सत्तरपट वारंवारितेच्या.

आता हिशेब. ५० मेगावॅट ही प्लाझ्मात पोहोचलेली उष्णता आहे. झोत आणि लहरी तयार करतानाच बरीच ऊर्जा वाया जाते, त्यामुळे तेवढी उष्णता पोहोचवायला वीज त्याहून खूप जास्त घ्यावी लागते. अतिशीत चुंबक, हेलियमचे शीतकरण, पंप यांची वीज निराळीच. आणि ५०० मेगावॅट हीसुद्धा उष्णताच. तिची वीज करण्याची सोय इटरमध्ये ठेवलेलीच नाही. ब्रिटनमधील ‘जेट’ने १९९७ मध्ये २४ मेगावॅट घालून १६ मिळवले, तोही हिशेब प्लाझ्मापुरताच होता. एखाद्या औषधाने तपासणीतला आकडा सुधारला म्हणून ‘रुग्ण बरा झाला’ असे कोणी जाहीर केले, तर वैद्यकात ते खपत नाही. ऊर्जेच्या बाबतीत का खपावे?

याचा अर्थ प्रकल्प निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. संमीलनातून निघणारी हेलियमची केंद्रके एकूण ऊर्जेचा पाचवा हिस्सा घेऊन प्लाझ्मातच राहतात. ५०० मेगावॅटमधले हे १०० मेगावॅट, बाहेरून घातलेल्या उष्णतेच्या दुप्पट. प्लाझ्मा मुख्यतः स्वतःच्याच आचेवर तापलेला राहतो का, हे पाहणे हे इटरचे खरे काम आहे, आणि ते ‘दहापट’ या जाहिरातीपेक्षा कितीतरी रोचक आहे. त्यात भारताचा वाटा नुसता पैशांचा नाही. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ पासून ‘आदित्य’ हा टोकामॅक आहे. इटरला लागणाऱ्या रेडिओलहरींचे शक्तिस्रोत पुरवण्याची जबाबदारीही भारताकडे आहे.

म्हणून अशा प्रकल्पांच्या प्रत्येक निवेदनात तीन आकडे शेजारी-शेजारी हवेत: प्लाझ्मात घातलेली उष्णता, त्यासाठी साऱ्या संकुलाने ओढलेली वीज, आणि परत मिळालेली वीज. इटरसाठी तिसरा आकडा शून्य आहे. तो छापायला कोणाची हरकत नसावी.