जुनी नावे : लादलेली आणि कमावलेली

आपल्या कोणत्याही वस्तीची मतदारयादी काढून पाहा. सत्तरी ओलांडलेल्या मातांमध्ये धोंडाबाई, कचराबाई, सखूबाई, चंद्रभागा ही नावे दिसतील. त्यांच्या लेकीसुनांमध्ये सुजाता, यशोधरा, संघमित्रा, विशाखा भेटतील. आणि अंगणवाडीच्या हजेरीपटावर? तिथे आराध्या, कियारा, शनाया! आधीच्या दोन्ही पिढ्यांच्या नावांवर आजचे आईबाप एकच शेरा मारतात, 'जुनाट'. आमचा आक्षेप या शेऱ्याला आहे.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे निंदासूचक असावे, असा दंडक आहे. मग अस्पृश्याच्या लेकीला कोण मान देणार? घरी ती गंगाबाई असली तरी गावाच्या तोंडी गंगीच. भागाबाईची भागी, सखूबाईची सखी. मुले जगत नाहीत, दृष्ट लागू नये, या भाबड्या समजुतीने दगडी, कचरी अशी नावे अनेक जातींत ठेवली जात, हे खरे. पण 'नकोशी' या नावात कसली आली माया? २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे द्यावी लागली. ही लादलेली नावे गेलीच पाहिजेत.

मात्र ती नावे वागवणाऱ्या बायांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. बाबासाहेबांचे विचार ऐकायला सुमारे २५ हजार स्त्रिया आल्या होत्या. त्या गर्दीत अशाच साध्या नावांच्या कष्टकरी बाया होत्या. नाव हलके असले तरी त्यांचा स्वाभिमान हलका नव्हता!

याच बायांनी १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या लेकी-नातींना नवी नावे दिली. ज्यांना स्वतःच्या नावाचा अर्थही कोणी सांगितला नव्हता, त्यांनी सम्राट अशोकाच्या कन्येचे नाव झोपडीत आणले. संघमित्रा म्हणजे बोधिवृक्षाची फांदी घेऊन श्रीलंकेला गेलेली भिक्खुणी. सुजाता म्हणजे तपस्येने क्षीण झालेल्या गौतमाला खीर देणारी. ही नावे त्यांनी पंचांग पाहून ठेवली नाहीत, विचार करून ठेवली. ती कमावलेली नावे आहेत.

मग आज ती नकोशी का झाली? फॅशन हे वरवरचे कारण झाले. खरे कारण असे की, नावावरून 'ओळख' कळते! घर भाड्याने मिळणार नाही, मुलाखतीत नजर बदलेल, वर्गात कुजबुज होईल, ही भीती खोटी नाही. पण ज्याला जात हुडकायचीच आहे, तो आडनाव विचारतो, गाव विचारतो, भिंतीवरचा फोटो पाहतो. मुलीचे नाव शनाया ठेवल्याने त्याचे डोळे मिटत नाहीत. आपण मात्र पाळण्यातच लेकीला लपायला शिकवतो.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव बंधनकारक झाले आहे. म्हणजे आज ठेवलेले मुलीचे नाव उद्या तिच्या लेकरांच्या दाखल्यावरही येईल. तेव्हा ते विचारपूर्वक ठेवा.

प्रत्येक मुलगी संघमित्राच झाली पाहिजे, असा आमचा हट्ट नाही. थेरीगाथेत पुण्णिका आहे. स्नानाने पाप धुतले जात असेल तर मासे आणि बेडूकही स्वर्गाला जातील, असे ब्राह्मणाला सुनावणारी ती दासीकन्या! १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता आहे. रमाईची रमा आहे. दोन अक्षरांचे, सुटसुटीत; याहून आधुनिक नाव कोणते हवे?

नाव नवे ठेवा, जुने ठेवा. लाजेपोटी मात्र ठेवू नका. आणि लेकीने विचारले, 'माझे नाव हेच का?' तर सांगायला आपल्याकडे एक गोष्ट असू द्या.

जयभीम!