दिव्यदृष्टी की पर्जन्यमापक?

२०१६ साली सुरू झालेली ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही अमेरिकी मालिका तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. मनाच्या बळावर दूरचे पाहणारी मुलगी आणि तिला डांबून ठेवणारी गुप्त प्रयोगशाळा! कथा रंगते, यात शंका नाही. पण अशी शक्ती खरोखर कोणाला असते काय?

अमेरिकी सरकारने हे अजमावून पाहिले आहे. १९७२ पासून, दूरचे दिसते असे सांगणाऱ्या माणसांकडून हेरगिरीची माहिती मिळवण्याचे काम तेथे गुप्तपणे चालले. पुढे त्याला ‘स्टारगेट’ हे नाव मिळाले. सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाले. अखेर १९९५ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासणी केली, तेव्हा हेरगिरीला त्याचा उपयोग नाही असे ठरले आणि काम बंद पडले. माझ्या मते, ते इतकी वर्षे टिकले ते गुप्ततेच्या आडोशामुळेच.

आता आपल्या महाड-पोलादपूरकडे पाहा. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. जवळच्या महाबळेश्वरला तेव्हा २४ तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता. उतारावरच्या मातीत पाणी मुरले की ती जड होते, खालच्या खडकावरची तिची पकड सुटते आणि ती घसरते. तत्पूर्वी पुष्कळदा जमिनीला भेगा पडतात, झाडे व खांब कलतात, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते. हे ओळखायला दिव्यदृष्टी नको. उघडे डोळे आणि नोंदवही पुरे.

म्हणून माझे म्हणणे असे, की डोंगरपायथ्याच्या प्रत्येक शाळेत पर्जन्यमापक असावा. रोज सकाळी साडेआठला मुलांनी पाऊस मोजावा आणि आकडा गावाला दिसेल अशा फळ्यावर लिहावा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर १ लिटर पाणी. त्यावरून डोंगरावर किती भार पडला याचा हिशेब वर्गातच करता येईल. कोणता डोंगर केव्हा ढासळेल, हे पर्जन्यमापक सांगणार नाही. पण सावध केव्हा व्हावे हे त्यावरून कळेल, आणि तो आकडा कोणालाही पडताळून पाहता येईल.

भेग दिसली तर सरपंचांना आणि तलाठ्यांना लगेच कळवा. मुसळधार पावसात ती पाहायला डोंगरावर मात्र जाऊ नका. शिक्षकांनी येत्या पावसाळ्यापूर्वीच ही नोंदवही सुरू करावी.