एका वर्षात मन वाचता येतं का?

दोस्तांनो, या आठवड्यात नववीतल्या एका मैत्रिणीचं चार पानी पत्र आलंय. तिची आत्येबहीण इंजिनिअर. दोन वर्षं चांगली नोकरी केली आणि आता गेलीय इंग्लंडला, एका वर्षात मानसशास्त्राची एम.एस्सी. करायला! घरात नुसता गदारोळ. आत्या म्हणते, ''चार वर्षांचं इंजिनिअरिंग पाण्यात घातलं पोरीनं.'' आजी विचारते, ''म्हणजे ही आता माणसाच्या मनातलं ओळखणार?'' आणि आपली मैत्रीण विचारते, ''मलाही मानसशास्त्र आवडतं, पण घरचे सायन्स घे म्हणतात. ताईसारखं मागाहून वळता येतं, की हे सगळं फसवं असतं?''

दहावीनंतर एक शाखा घेतली की बाकीची दारं कायमची बंद, अशी धास्ती तुमच्यातल्या पुष्कळांना असते. म्हणून आज याच विषयावर बोलू.

ताई करतेय त्याला ब्रिटनमध्ये 'कन्व्हर्जन कोर्स' म्हणतात. आगगाडी सांधा बदलून दुसऱ्या रुळावर जाते ना, तसं. पहिली पदवी इतिहासाची असो, संगीताची असो की इंजिनिअरिंगची. गुण बरे असले की अर्ज करता येतो. पूर्ण वेळ केलं तर साधारण एक वर्ष, नोकरी सांभाळून केलं तर दोन. फसवं म्हणाल, तर त्यावर एक पहारेकरी आहे. ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटी ही १९०१ साली सुरू झालेली संस्था अभ्यासक्रम तपासून मान्यता देते. मान्यता असलेला कन्व्हर्जन कोर्स ठरावीक गुणांनी पास झालात, की तीन वर्षं मानसशास्त्रच शिकलेल्या पदवीधराच्या बरोबरीनं तुम्हाला पुढच्या प्रशिक्षणाला अर्ज करता येतो. पण बरं का, नावात 'सायकॉलॉजी' आहे म्हणून प्रत्येक एम.एस्सी. या कामाची नसते. पैसे भरण्याआधी मान्यता आहे की नाही, हे विचारायलाच हवं.

आता वर्षभर शिकतात काय? मेंदू कसा चालतो, आठवण कशी राहते, मुलं कशी वाढतात, माणसं घोळक्यात वेगळी का वागतात, वगैरे. हे सगळं गोडच लागतं. खरी कसोटी लागते ती संशोधनाच्या पद्धती आणि संख्याशास्त्र या विषयांत. 'मला माणसं छान कळतात' म्हणत आलेले पुष्कळजण इथंच गडबडतात. आमच्या डी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर होता. पियाजेचे टप्पे आम्ही धडाधड पाठ म्हणायचो, पण एकही प्रयोग केला नाही. या कोर्समध्ये मात्र स्वतः प्रयोग करून, आकडे मांडून, प्रकल्प लिहावाच लागतो.

कसा असतो तो प्रयोग? घरीच करून बघा. स्केचपेन घ्या. एका कागदावर लाल, निळे, हिरवे, तपकिरी असे वीस चौकोन रंगवा. दुसऱ्या कागदावर वीस शब्द लिहा, पण चुकीच्या रंगात! 'लाल' हा शब्द हिरव्या शाईनं, 'निळा' हा शब्द लाल शाईनं. आता मित्राला सांगा, शब्द वाचायचा नाही, फक्त शाईचा रंग मोठ्यानं सांगायचा. घड्याळ लावा. चौकोन भराभर होतील आणि शब्दांपाशी गाडी अडेल. जीभ वळेल, हसू फुटेल. जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन संशोधकानं १९३५ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच्या विद्यार्थ्यांना शंभर चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३ सेकंद लागले आणि शंभर शब्दांच्या शाईचे रंग सांगायला ११०. कारण वाचायची सवय इतकी भिनलेली असते, की शब्द न वाचणं जमतच नाही. आमच्या पहिलीत नव्यानं आलेल्या, अक्षर न लागणाऱ्या पोरांचा मात्र असा घोळ होत नाही. त्यांना तो शब्द म्हणजे नुसती रंगीत नक्षी!

हा झाला खेळ. याचा प्रयोग कधी होतो? सगळ्यांना आधी चौकोन आणि मग शब्द दिलेत, तर कुणी म्हणेल, ''दुसऱ्या खेपेला ती दमलीच असतील.'' मग निम्म्या मित्रांना आधी शब्द द्यायचे, निम्म्यांना आधी चौकोन. कुणाला काय आधी द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. एका मित्रावरून निष्कर्ष काढायचा नाही, निदान दहाजण हवेत. आधी परवानगी विचारायची, मधेच कंटाळला तर सोडून द्यायचं आणि कागदावर नाव न लिहिता नुसता क्रमांक लिहायचा. आकडा आपल्या मनासारखा आला नाही तरी खोडायचा नाही! आजींना सांगायचं, तर तुमची नात मन ओळखायला नाही, स्वतःच्या अंदाजावर शंका घ्यायला शिकतेय.

आता थोडी कडू बाजू. या एका वर्षानंतर ताई लगेच दवाखाना थाटू शकत नाही. ब्रिटनमध्ये 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट', 'एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट' अशी बिरुदं २००९ पासून कायद्यानं राखीव आहेत. नोंदणी नसताना ती लावली तर गुन्हा होतो. क्लिनिकल व्हायचं तर पुढं तीन वर्षांची डॉक्टरेट, आणि तिथं प्रवेशाला तुफान चुरस. बरेचजण आधी काही वर्षं रुग्णालयात किंवा शाळेत मदतनीसाचं काम करतात. म्हणजे सांधा बदलला तरी प्रवास लांबचाच. आणि फी भरमसाट, तीही पौंडांत.

पण आत्याबाई, इंजिनिअरिंग पाण्यात गेलं नाही हो! ज्या आकडेमोडीला बाकीचे घाबरतात, तिथं तुमची लेक सगळ्यांच्या पुढं असेल. शिवाय असं वळणं आपल्या देशाला नवं नाही. कलकत्त्याचे गिरींद्रशेखर बोस १९१० साली डॉक्टर झाले. मग मनाच्या आजारांचं वेड लागलं, म्हणून पुन्हा विद्यार्थी झाले आणि १९१७ साली मानसशास्त्राची एम.एस्सी. मिळवली. १९२२ साली त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. आणि हो, मुलांसाठी मुंग्यांची एक बंगाली गोष्टही लिहिली!

आपल्याकडे आजही काही विद्यापीठं कुठल्याही शाखेच्या पदवीधराला मानसशास्त्राच्या एम.ए.ला घेतात, तर काहींना आधीच्या पदवीला तोच विषय लागतो. क्लिनिकल कामासाठी नियम आणखी कडक आहेत आणि ते बदलतातही, तेव्हा त्या त्या वर्षी तपासून घ्यायचे.

तर मैत्रिणी, सायन्स घेतलंस तरी मागाहून वळता येतं. पण वेळ आणि पैसा जास्त लागतो, हेही घरी मोकळेपणानं बोल. बालभारतीचं अकरावीचं मानसशास्त्राचं पुस्तक मराठीत आहे. सुट्टीत ते आण आणि वाचून बघ. आकडेमोडीच्या भागाशीसुद्धा मन रमलं, तर आईबाबांपुढं बोलायला तुझ्याकडे काहीतरी ठोस असेल.

बाकी सगळ्यांनी वीस शब्दांचा कागद तयार करा. दहाजणांचे सेकंद लिहून पाठवा. आणि कुणाला आधी चौकोन दिले, कुणाला आधी शब्द, ते समोर नोंदवायला विसरू नका.