पगार हातात, पुरावा कुठे?

महिन्याची पहिली तारीख उलटली की शहरांतील असंख्य घरांमध्ये एक छोटासा व्यवहार पार पडतो. धुणे-भांडी, केर-फरशी किंवा स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या हातात काही नोटा ठेवल्या जातात, खाडे वजा होतात, मागची उचल वळती करून घेतली जाते आणि हिशेब मिटतो. ना पावती, ना सही. भाजीवाल्याला आणि रिक्षाचालकाला मोबाइलवरून पैसे देण्याची सवय जडलेल्या मध्यमवर्गाला आता हा पगारही तसाच देणे सोयीचे वाटू लागले आहे. घरकामगाराला पगार रोख द्यावा की खात्यात जमा करावा, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला आहे. वरकरणी तो सोयीचा दिसतो. वास्तविक तो हक्काचा आहे.

रोख रक्कम मागणाऱ्या बाईला अडाणी समजण्याची घाई अनेकदा केली जाते. ती अन्यायकारक आहे. हातात आलेल्या पैशांतून त्याच संध्याकाळी घरभाडे, भिशी, किराणा आणि मुलांची फी यांची वाटणी होते. खात्यातील पैसे काढण्यासाठी बँकेत जावे लागले, तर एखाद्या घरचा खाडा होतो आणि त्याचे पैसे कापले जातात. घरातला स्मार्टफोन पुष्कळदा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या ताब्यात असतो. अशा वेळी त्या क्रमांकावर पाठविलेला पगार कागदोपत्री तिचा असला, तरी प्रत्यक्षात तिच्या हाती पडेलच असे नाही. दारू पिणाऱ्या नवऱ्यापासून चार पैसे बाजूला ठेवण्याचा मार्ग म्हणूनही कित्येक स्त्रियांना रोखीचाच आधार वाटतो.

याखेरीज एक भीतीही आहे. अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये संमत झाल्यानंतर महाराष्ट्राने शहरी भागातील प्राधान्य कुटुंबांसाठी ५९ हजार रुपयांची वार्षिक उत्पन्नमर्यादा ठरविली. पाच घरांतून प्रत्येकी दीड हजार रुपये मिळविणाऱ्या बाईचे वर्षाचे उत्पन्न ९० हजार रुपये होते. म्हणजे तिच्या एकटीच्या कमाईनेच ही मर्यादा ओलांडली जाते. खात्यावर नियमित रकमा दिसू लागल्या तर रेशनकार्ड जाईल, २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘लाडकी बहीण’ योजनेचे पैसे थांबतील, अशी धास्ती वस्त्यांमध्ये असते. या योजनेची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपयांची आहे. तेव्हा ही धास्ती संपत्ती दडविणाऱ्याची नव्हे. महिना पाच हजारांहून कमी उत्पन्नात शहरातले कुटुंब चालते, असे गृहीत धरणाऱ्या नियमाने ती निर्माण केली आहे.

तथापि, नोंद नसलेल्या रोखीची किंमतही या स्त्रियांनीच मोजली आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये ५०० आणि १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा अनेक घरांतून पगार जुन्या नोटांत दिला गेला आणि त्या बदलून घेण्यासाठी रांगेत उभे राहण्याचे काम बायकांच्या वाट्याला आले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत सोसायट्यांची फाटके बंद झाली. काही घरांनी पगार चालू ठेवला, अनेकांनी तो थांबविला. आणि ज्यांचा थांबला त्यांच्याकडे आपण त्या घरी काम करीत होतो हे दाखविणारा कागदाचा एक तुकडाही नव्हता. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेच्या वेळी राज्य सरकारने घरेलू कामगारांना प्रत्येकी दीड हजार रुपयांची मदत जाहीर केली. परंतु ती नोंदणीकृत कामगारांपुरती होती. वर्षानुवर्षे राबूनही नोंदणीबाहेर राहिलेल्यांना तिचा काहीच उपयोग नव्हता.

नोंदणीची ही अडचण मुळाशी नेणारी आहे. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, हक्काची रजा, दिवाळीचा बोनस या मागण्या तेव्हापासून शहरी मध्यमवर्गाच्या कानांवर पडत आहेत. पुढे महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळ स्थापण्यासाठी २००८ चा कायदा केला. मात्र मंडळाकडे नोंदणी करावयाची तर ती ज्या घरी काम करते तेथील मालकाचे प्रमाणपत्र लागते. गाडे अडते ते येथेच. आधारकार्डाची प्रत मागून घेणारी आणि पोलिस पडताळणीचा आग्रह धरणारी घरे या प्रमाणपत्रावर सही करताना मात्र कचरतात. सही केली तर उद्या काही देणे लागू होईल, अशी शंका त्यांच्या मनात असते. हा कायदा कल्याणकारी लाभांपुरता आहे. मालकाने किती वेतन द्यावे हे तो ठरवीत नाही.

थोडक्यात, बाई कोण आहे याचा पुरावा घराला हवा असतो. ती आपल्याकडे काम करते याचा पुरावा मात्र द्यावयाचा नसतो. पगार रोखीने दिला काय किंवा मोबाइलवरून पाठविला काय, ही वृत्ती बदलली नाही तर विशेष फरक पडत नाही. खात्यावर केवळ एक नाव आणि एक रक्कम दिसते. ते कशाचे पैसे, किती दिवसांचे, त्यातून काय कापले, हे त्यातून कळत नाही.

या संदर्भात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांविषयी संमत केलेला १८९ क्रमांकाचा करार पाहण्याजोगा आहे. पगार किमान महिन्यातून एकदा थेट रोखीने द्यावा, असे त्यात म्हटले आहे. देशाच्या कायद्यात वेगळी तरतूद नसेल, तर बँकेमार्फत किंवा अन्य कायदेशीर मार्गाने पगार देण्यासाठी कामगाराची संमती घ्यावयाची आहे. कामाच्या अटी कामगाराला स्पष्टपणे कळाव्यात, शक्यतो लेखी कराराने, असेही तो सांगतो. भारताने या कराराच्या बाजूने मतदान केले. त्याला मान्यता मात्र अद्याप दिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये घरकामगारांसाठी कायदेशीर चौकटीचा विचार करणारी समिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले, ते ही पोकळी ध्यानात घेऊनच.

कायदा येईल तेव्हा येवो. तोवर घराला करता येण्याजोगे पुष्कळ आहे. पैसे कसे हवेत हे बाईंनी ठरवावे. खात्यात हवे असतील तर खाते त्यांच्या स्वतःच्या नावाचे असावे आणि पाठविताना कोणत्या महिन्याचा पगार, हे दोन शब्दांत लिहावे. रोख हवी असेल तर साध्या वहीत तारीख, ठरलेला पगार, खाडे, उचल आणि दिलेली रक्कम लिहून दोघांनी सही करावी आणि वहीची एक प्रत बाईंकडे राहू द्यावी. दूधवाल्याचा आणि पेपरवाल्याचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या कॅलेंडरवर टिपून ठेवणाऱ्या घरांना हे जड जाऊ नये. आणि मंडळाचा अर्ज समोर आला तर त्यावर सही करावी.

अचानक कामावरून काढले, चोरीचा आळ आला, आजारपणासाठी कर्ज हवे झाले, तर बाईंच्या बाजूने बोलणारी अशी एक वही तरी असेल. नोटा खर्चून जातात. वीस वर्षे चार घरे सांभाळल्यानंतरही ज्या स्त्रीच्या श्रमाची एक ओळ कुठे सापडत नाही, तिला पगार मिळाला असेल. कामगार म्हणून मान्यता मात्र मिळालेली नाही.